पाटावरचा सल्लागार

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच हसलात तर चहा तसाच टाकून मी उठून जाईन! ज्या दुपारी हे झालं त्या दुपारी मी अजिबात हसत नव्हतो. आपण जिवंत आहोत की नाही, याचीच मला खात्री वाटत नव्हती.

पहिल्यापासून सांगतो.

मी नांदुऱ्याचा. वडिलांचं स्टेशन रोडला मोटर रिवायंडिंगचं दुकान. आणि मी पुण्याला विद्यापीठात फायनान्स शिकायला गेलेलो. पहिलंच वर्ष, म्हणजे सगळी मुळाक्षरं चालू होती. भांडवल आणायचं कुठून, घालायचं कुठे, धंदा चालवायचा की विकायचा. एवढंच. पण माणसाला थोडं कळायला लागलं की तो किती धोकादायक होतो बघा! वर्गात मी तोंड उघडलं की पुण्याची पोरं माझ्या वऱ्हाडीची नक्कल म्हणून "मले-तुले" करून दाखवायची, म्हणून तिथे मी गप्प. आणि ती सगळी तुंबलेली हुशारी सुट्टीत नांदुऱ्याला येऊन सोडायचो. चहावाल्याला विचार, तुझ्या भांडवलावर परतावा काय? आईला विचार, मिक्सर घेण्याआधी दुसरा पर्याय तपासला होतास का?

"तपासला होता," आई म्हणाली. "पाटा-वरवंटा. तू वाटशीन का रोज?"

त्यातून बुडीत खर्चाचा धडा तर डोक्यात असा बसला होता की विचारू नका. धंद्यात आजवर जे घातलं ते गेलं, त्याला धरून रडायचं नाही, पुढचं बघून ठरवायचं. भावना मधे आणायची नाही! हे वाक्य मी होस्टेलच्या आरशासमोर उभं राहून म्हणून बघितलं होतं. चांगलं वाटायचं.

तर सरांनी प्रोजेक्ट दिलं. एखादा खरा धंदा शोधा, मालकाशी बोला आणि सांगा, हा चालवावा की विकावा. मी घरी फोन केला, म्हटलं, येतोय, एखादा कारखाना बघून ठेवा. दिवस पित्तरपाट्याचे, म्हणजे पितृपक्षाचे होते. घरी पोचलो तर वडील मोटरीला तार गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "पिंपळगाव राजाच्या दाल मिलवाल्या काकूनं तुले उद्या बाराले बोलावलं. जेवाले."

"मलाच?"

"हाव, तुलेच. त्याईचा दिनकर दुकानात आल्ता. कोनी भेटूनच नाई राह्यलं म्हने त्याईले."

ऐकलंत? कोणी भेटत नव्हतं त्यांना! माझी कॉलर आपोआप वर झाली. फायनान्स शिकलेला माणूस पंचक्रोशीत मिळणार कुठून? पुण्यालाच जावं लागणार!

"सकाळपासून काई खाऊ नको," आई आतून ओरडली. "अन डोक्शावरून आंघोळ करून जाजो."

आता तुम्ही म्हणाल, अरे गाढवा, दिवस कोणते, बोलावणं कसलं, काहीच कसं सुचलं नाही तुला? नाही सुचलं! आमच्याकडे आजोबांच्या नावानं गच्चीवर कावळ्याला घास ठेवतात, की झालं. बाकी कोणाच्या घरी काय रीत असते, मला काय माहीत? आणि एकदा आपण तज्ज्ञ आहोत असं वाटायला लागलं की उपाशी बोलावणं म्हणजे मोठी मेजवानीच वाटते हो.

सकाळी काळी-पिवळीत बसलो. ऊन असं की रस्त्याकडे बघवत नव्हतं. एका वळणावर समोरून ट्रक आला. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, आम्ही सगळे एकमेकांच्या मांडीवर, आणि ट्रक आमच्या काचेला चाटून गेला. म्हणजे गेला असावा. मी डोळे मिटले होते. उघडले तर गाडी चालू लागली होती आणि आतलं कोणीही एक शब्द बोलत नव्हतं. ही गोष्ट मला पुढे फार जड गेली.

दाल मिल गावाच्या टोकाला. पत्र्याचं लांबलचक शेड, दाराला कुलूप, मशिनीचे पट्टे आत सैल लोंबत होते ते फटीतून दिसत होते. शेडला लागूनच घर. वारं नाही, माणूस नाही, कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. जुन्या तुरीच्या टरफलाचा वास तेवढा होता.

दिनकरभाऊ दारातच उभे. चाळिशीचा गडी, पण चेहरा उतरलेला. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "हे पाय, मिल बंद पडून आहे. घ्यायले गिऱ्हाईक तयार आहे. सौदा घट बसल्यावर होईन, पन शब्द आज संध्याकाळी देनं आहे. माय काई आयकून नाई राह्यली. आज जेवताना ते तुले इचारनच. तू आपला मुकाट जेव. नुसती मान हालवली तरी पुरे."

मान हलवायला मी विद्यापीठात गेलो होतो का? मी म्हटलं, "भाऊ, काळजी करू नका. बोलायचं काम माझं."

त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र बघितलं. तेवढ्यात वहिनी तांब्या घेऊन आल्या आणि खाली बसून माझे पाय धुवायला लागल्या! मी पाय मागे घेतला तर त्यांनी तो धरला. "राहू द्या, बाबा," म्हणाल्या. त्यांचे हात थंडगार होते. मी मनात म्हटलं, सल्लागाराला या भागात फारच मान आहे.

आत गेलो तर अंधार. खिडक्या लावलेल्या, उदबत्तीचा धूर कोंडलेला. मधोमध एक पाट, भोवती रांगोळी. पाटाच्या उजव्या बाजूला भिंतीला एक काठी टेकवलेली. डाव्या बाजूला तंबाखूची डबी, झाकण उघडं. आणि समोर स्टुलावर हार घातलेला फोटो. जाड काळ्या फ्रेमचा चष्मा लावलेले एक गृहस्थ. तशीच फ्रेम माझी. आता जुन्या लोकांच्या चष्म्याची फॅशन परत आली, त्यात माझा काय दोष?

मला पाटावर बसवलं. मांडीवर घडी केलेलं नवं धोतर ठेवलं. घरातले सगळे भिंतीला लागून बसले. कोणाच्याही पुढ्यात ताट नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

"तुम्ही नाही जेवत?" मी विचारलं.

"तुमचं झाल्यावर," अंधारातून कोणीतरी म्हणालं.

मग काकू आल्या. सुकलेली, ताठ म्हातारी. माझ्यासमोर आल्या, थांबल्या आणि डोक्यावर पदर घेतला. सत्तरीच्या बाईनं माझ्यासाठी पदर घेतला! मग खाली बसून बराच वेळ माझ्या चष्म्याकडे बघत राहिल्या. डोळ्यांकडे नाही हं, चष्म्याकडे.

"आले?" त्या म्हणाल्या.

"हो. काळी-पिवळीनं."

"जेवाले भेटते का नीट, आता राह्यता तिथं?"

"मेस आहे. पोळ्या कच्च्या असतात, पण चालतं."

भिंतीकडून एक हुंदका आला. पुण्याच्या मेसबद्दल इतकं कोणाला वाईट वाटलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

"अन गुडघा?"

"कोणाचा?"

"तुमचा. जिना चढता येते का?"

आता काय बोलणार सांगा! माझा गुडघा ठणठणीत होता, पण त्यांनी असं काळजीनं विचारलं की नाही म्हणवेना. "बराच बरा आहे," मी म्हटलं. काकूंनी डोळे पुसले.

जेवण वाढायला लागले. गिलक्याचे भजे, उडदाचे वडे, खीर, कढी. उपाशीपोटी माझा जीव ताटात गेला होता. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. वहिनी प्रत्येक पदार्थ आधी फोटोपुढच्या छोट्या ताटात वाढत होत्या आणि मग माझ्या. भजं तिकडे, भजं इकडे. वडा तिकडे, वडा इकडे. आणि वाढताना एकदा फोटोकडे बघत होत्या, एकदा माझ्याकडे. जशी काही नक्कल पडताळून बघतायत!

मला कढी लहानपणापासून आवडत नाही. मी वाटी डाव्या हातानं हळूच सरकवली.

"पाह्यलं का रे दिनकर!" काकू किंचाळल्या. "कढी सरकवली!"

वहिनींच्या हातातला डाव खाली पडला. फोटोपुढच्या ताटाकडे माझं लक्ष गेलं. त्या ताटात कढी वाढलेलीच नव्हती. जागा रिकामी सोडली होती.

"अहो," काकू म्हणाल्या.

मी मागे वळून बघितलं. मागे भिंत. म्हणजे मलाच! माझ्या आजीच्या वयाची बाई मला, तेवीस वर्षांच्या पोट्ट्याला, "अहो" म्हणत होती. मानेवरचे केस उभे राहिले, आईशपथ सांगतो. आणि त्याच क्षणी मला तो ट्रक आठवला. तो खरंच गेला होता का काचेला चाटून? मग गाडीत नंतर कोणी बोललं का नाही? गावात कुत्रं का नाही भुंकलं? आणि ही सगळी माणसं माझ्याकडे गेलेल्या माणसासारखी का बघतायत?

मी धोतराखाली हात घालून मांडीला चिमटा घेतला. दुखलं. पण मेलेल्याला दुखत नाही असं कोणी सांगितलंय? सावली पडते का बघावी, तर खिडक्या बंद. तोंडातला वडा खाली उतरेना.

"अहो, एकच इचारतो, मंग तुमाले तरास नाई देत," काकू म्हणाल्या. "मिल इकू का? दिनकर म्हन्ते इक. माहा जीव होत नाई. तुमी सांगान तसं करतो."

तुम्हाला काय सांगू, मला केवढं हायसं वाटलं! प्रश्न अभ्यासक्रमातला होता! म्हणजे मी जिवंत, मी विद्यार्थी, मी सल्लागार. भुतांना कोण विचारतं मिल विकू का म्हणून? भीती पळाली आणि त्या जागी सगळा धडा धावत आला. मी पाठ ताठ केली, चष्मा वर सरकवला आणि आरशासमोरचा आवाज काढला.

"हे बघा, भावना मधे आणायची नाही. जे गेलं ते गेलं. गेलेल्याकडे बघून रडत बसायचं नसतं. विकून टाका!"

आणि शेडमधून आवाज आला. घर्रर्र!

बंद मिल चालू झाली होती. पत्रे थडथडायला लागले, पट्टा फटफट करत फिरत होता, माझ्या ताटातली कढी थरथरत होती. मग आवाज बसत बसत गेला आणि पुन्हा सगळं चिडीचूप.

"लाइन आली असन अन गेली असन," वहिनी कशाबशा म्हणाल्या.

मी वर बघितलं. पंख्याचं बटण चालू होतं आणि पंखा हलला नव्हता. रिवायंडिंगवाल्याचा मुलगा आहे मी, वीज आल्याशिवाय मोटर फिरत नाही एवढं मला कळतं. दिनकरभाऊ धावत शेडकडे गेले. परत आले ते पांढरेफटक.

"बटन तं बंदच आहे," ते म्हणाले. "कुलूप बी तसंच."

नंतर मी वडिलांना हे विचारलं होतं. "मिलची लाइन येगळी असते, घरची येगळी," ते म्हणाले. मग बटणाचं सांगितलं. त्यावर ते तार गुंडाळत बसले.

पण ते नंतर. तेव्हा काय झालं, तर काकूंनी माझ्या पायावर डोकं ठेवलं. "इकतो," त्या रडत म्हणाल्या. "तुमी म्हनलं तं इकतो. आता तुमी सुखानं राहा जी."

मला ते अश्रू पायावर गरम लागले आणि माझ्यातला सल्लागार तिथल्या तिथे विरघळला. मी दिनकरभाऊंचा सदरा ओढला. "भाऊ, हे काय चाललंय? या मला अहो का म्हणतायत?"

ते कानाशी वाकले. "म्हंजे? तुले ठाव नाई? पित्तर आहे बे आज बाबाचं! बाबाच्या जाग्यावर बसवलं तुले. घरचा मानूस चालत नाई, भावकीचा चालत नाई. आजोबाच्या पित्तराले दरसाल बसनारे गुरुजी पडून आहेत बिमार. गावातले सारे आज दुसऱ्याकडे बसेल आहेत. म्हनून तं तुह्या बापाकडे आल्तो!"

अरे देवा! म्हणजे मी सल्लागार नव्हतो. मी मयत होतो! या बाईनं वर्षभर पोटात ठेवलेला प्रश्न नवऱ्याला विचारला होता, आणि नवऱ्यानं तिला सांगितलं होतं, गेलेल्याकडे बघून रडत बसू नको!

"पण भाऊ," मी विचारलं, "मिल तोट्यातच असेल ना?"

"तोट्यात कायले राहीन? बाबा होते तोवर झकास चालत होती. मलेच त्या धुराळ्यात बसवत नाई. मले अकोल्याले राहाचं आहे."

आता बघा! पुस्तकाच्या पहिल्या धड्यात काय लिहिलंय? धंदा कमावतो का, हे आधी विचारा. मी काही एक न विचारता, वडा तोंडात धरून, एका बाईची मिल विकून मोकळा झालो होतो! मला स्वतःची इतकी लाज वाटली की बस.

मी म्हटलं, "काकू, उठा. मी नुसता विद्यार्थी आहे. मला काही कळत नाही."

काकू उठल्या नाहीत. वहिनी कुजबुजल्या, "विडा घेऊन उंबरा वलांडत नाई तोवर तुमी बाबाच हा. दुसरं काई आयकाच्या नाईत ते."

म्हणजे माझं बोलणं ऐकायला तयार नाहीत, मयताचं ऐकतील. मग मयतानंच बोलायला हवं! मी घाबरत घाबरत ती काठी हातात घेतली. का घेतली, आजही सांगता येत नाही. जमिनीवर आपटली आणि घोगरा आवाज काढला.

"विकू नका! मिल विकायची नाही!"

काकूंनी झटकन डोकं वर केलं. रडणं बंद. माझ्याकडे रोखून बघितलं, आणि या वेळी चष्म्याकडे नाही, थेट डोळ्यांत.

"आताच तं म्हनलं इका!"

"विचार बदलला," मी म्हटलं.

मग काकूंच्या ओठाचा कोपरा हलला. पदर डोक्यावरून खांद्यावर आला. आणि ती म्हातारी हसायला लागली! डोळ्यांत पाणी, आणि हसतेय!

"तेच हायेत! बाप्पा, तेच हायेत! जिते होते तईबी असंच! सकाळी म्हनत तूर भरून ठिवा, दुपारी म्हनत कोन सांगतली तूर भराले! अन मी कदी आयकलं का त्याईचं? सारी जिनगानी मीच मनानं केलं. हे नुसते खुर्चीत बसून डबी वाजवत. अन मी येडी, साल झालं, याईले इचारल्याबिगर काई करत नोती!"

त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "दिनकर, तुले अकोल्याले जाचं तं खुशाल जाय. गिऱ्हाइकाले सांग, माय नाई म्हन्ते. दसऱ्याले मशिनीची पूजा करून मी सोता मिल चालू करतो."

दिनकरभाऊंनी माझ्याकडे असं बघितलं की पुढच्या वर्षी स्टुलावर माझा फोटो लागला असता. काकूंनी एक खिडकी उघडली, मग दुसरी. उन्हाचा पट्टा पाटावर आला आणि माझी सावली पडली. ती बघून मला जो आनंद झाला, तो सांगून कळायचा नाही.

मी उरलेलं जेवण भराभर उरकलं, कढीसुद्धा प्यायलो. काकूंनी विडा दिला, धोतर दिलं, दारापर्यंत पोचवायला आल्या. मी उंबरा ओलांडला, वळलो आणि वाकून नमस्कार केला. वाटलं, आता तरी एक शब्द कौतुकाचा मिळेल. शेवटी मिल वाचली होती ना!

काकूंनी माझ्याकडे एकदा आपादमस्तक बघितलं, एक लांब सुस्कारा सोडला आणि आत वळून वहिनींना म्हणाल्या, "पुढच्या साली दुसरं कोनी पाय बाई. मले वाटलं होतं, मेल्यावर तरी मानसाले अक्कल येत असन!"